गाळणी कुठे आहे?

चमच्यांच्या ट्रॉलीत कप्प्यांचा ट्रे घालायला माझा विरोध होता, आणि तो बरीच वर्षं टिकला. डोंबिवलीत आमच्या इमारतीत घरोघरी ओट्याखालचे कडप्प्याचे कप्पे फोडून स्टीलच्या ट्रॉल्या बसल्या, तशा आमच्याकडेही बसल्या. सगळ्यात वरची चार इंची ट्रॉली चमच्यांची. मिस्त्री म्हणाला, "ताई, यात कटलरीचा ट्रे टाकून देतो." मी म्हटलं, "नको, साधीच राहू दे." पुढे लेकीने सुचवलं, शेजारणीने सुचवलं, दिवाळीच्या सेलमध्ये दुकानदारांनी सुचवलं. माझं उत्तर तेच. आता त्याच ट्रॉलीत ट्रे आहे, सरकत्या पट्ट्यांचा, आणि टेप घेऊन मापं मीच काढली आहेत. मत कशाने बदललं ते सांगायचं आहे. पण आधी जुन्या मताची बाजू मांडते, कारण तिच्यात तथ्य होतं आणि थोडं अजूनही आहे.

पहिला आक्षेप आकाराचा. दुकानात मिळणारा ठरावीक ट्रे बघा. चार उभे कप्पे, एक आडवा. सुऱ्या, काटे, मोठे चमचे, छोटे चमचे आणि आडव्यात किरकोळ. ही सगळी टेबलावर मांडायच्या सामानाची सोय. हाताने जेवणाऱ्या घरात काटे असतात कितीसे? कधीतरी अर्धा डझनाचा संच आणलेला असतो, नूडल्स केल्या की त्यातल्या दोघांची आठवण होते, बाकीच्यांची चौकशी कोणी करत नाही. आमच्या ट्रॉलीतली मंडळी वेगळी. डाव, पळी, कालथा, उलथनं, चिमटा, सांडशी, चहाची गाळणी, पिठाची छोटी चाळणी, सोलाणं, आल्याची किसणी, लिंबू पिळायचं यंत्र, करंजीचं कातणं, रवी. झाऱ्याची चकती कुठल्याच कप्प्यात मावत नाही. रवी आडवी ठेवली की लोळते. पळीच्या दांड्याचा बाक सपाट ट्रेमधून नेमका वर येतो, ओट्याच्या पट्टीत अडकतो आणि ट्रॉली उघडत नाही. फटीतून सुरी घालून अशी अडकलेली ट्रॉली ज्यांनी सोडवली आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

दुसरा आक्षेप ओलीचा. ट्रॉल्यांच्या आधी हे सगळं भिंतीवर असायचं. स्टीलच्या मांडणीत ताटं उभी, वाट्या-फुलपात्री ओळीने, कप दांडीला टांगलेले, झारे-पळ्या खिळ्याला, आणि कोपऱ्यात भोकांचा चमच्यांचा स्टँड. धुतलेलं पाणी आपोआप निथळायचं, वारा लागायचा आणि काय आहे, काय नाही ते दारातून दिसायचं. बंद ट्रॉलीत ओला चमचा गेला की जुलै महिन्यात काय होतं ते खाडीकाठच्या आम्हा लोकांना सांगायला नको. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, लाकडी पोळपाटालाही वास येतो. त्यात ट्रेच्या कोपऱ्यांत पोळीचे कण, साखर आणि ओल साठली की झुरळांना आमंत्रण द्यावं लागत नाही. "ट्रॉल्या केल्या आणि झुरळं आली" हे वाक्य आमच्या जिन्यात मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते सोसायटीच्या नियमावलीत छापायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप मी कधी बोलून दाखवला नाही, पण खरा तोच होता. मला न बघता सापडायचं.

मी फोर्टातल्या ऑफिसात नोकरी केली. सकाळची फास्ट लोकल धरायची म्हणजे साडेसहाच्या आत तीन डबे भरलेले हवेत. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी पसरून मेथी-गवार निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायकांच्या पिढीतली मी. अशा बाईच्या हाताला स्वयंपाकघर पाठ असावं लागतं. एका हाताने फोडणी हलवताना दुसरा हात ट्रॉलीत जायचा आणि त्या ढिगाऱ्यातून बरोबर सांडशी घेऊन यायचा. लोक ज्याला पसारा म्हणत, तो माझ्या दृष्टीने पूर्ण लावलेला होता, फक्त मांडणी डोक्यात होती. "मला ट्रे कशाला हवा?" असं विचारताना माझ्या आवाजात तोरा असायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तो तोरा ठाण्यात उतरला. लेकीचं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडची रीत, पण तिचे डॉक्टर ठाण्यातले आणि रात्रीबेरात्री निघायचं झालं तर शिळफाट्याच्या ट्रॅफिकवर कोण भरवसा ठेवणार? त्यामुळे रीत उलटी झाली. डिंक, हळीव, खारीक, बाळंतशोपा असं सगळं बांधून मीच तिच्याकडे मुक्कामाला गेले. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याला राहते ती. आमच्या डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्याशी या मानपाड्याचा संबंध नाही, पण रिक्षावाल्यांना आणि आमच्या नातेवाइकांना हे दर वेळी सांगावं लागतं.

ती दोघं हॉस्पिटलात आणि मी तिच्या स्वयंपाकघरात एकटी. परक्या ओट्यापाशी पहिला चहा करणं म्हणजे एरवी शोधमोहीम असते. मी ट्रॉली ओढली. आत फिक्या रंगाचा ट्रे, दोन्ही बाजूंना पसरवून कडेला टेकवलेला. पट्ट्या सरकवून त्याचे लहानमोठे कप्पे केलेले. अगदी पुढच्या कप्प्यात गाळणी, सांडशी, आल्याची किसणी आणि चहा-साखरेचे दोन चमचे, एकत्र. त्याच्या मागच्या लांब कप्प्यात कालथा, उलथनं, चिमटा. डाव्या हाताला डाव आणि पळ्या, बाक खाली करून आडव्या. उजवीकडे खायचे चमचे, काटे त्यांच्यातच. कातणं आणि लिंबू पिळायचं यंत्र सगळ्यात मागे. मी चहा केला, मग हळिवाची खीर केली, मग मऊ भात आणि मुगाचं वरण केलं, आणि डबा भरून हॉस्पिटलात नेला. या सगळ्यात लेकीला एकदाही फोन करावा लागला नाही. मी काहीही न विचारता तो ट्रे मला सगळं सांगत होता.

संध्याकाळी जावई घरी आला. फोनवर बोलत बोलत त्याने ट्रॉली ओढली, गाळणी काढली, चहा गाळला, गाळणी धुऊन पुसून परत त्याच कप्प्यात टाकली. "आई, तुम्ही बसा, मी देतो." मी बसले. बसल्या बसल्या माझा फोन वाजला. डोंबिवलीहून हे. "अगं, गाळणी कुठे आहे?"

मी सांगितलं, "अहो, वरची ट्रॉली उघडा. डावीकडे हात घाला. खाली. किसणीच्या मागे. लागेल हाताला." पलीकडून खडखडाट ऐकू आला, मग किसणीने बोट सोलवटल्याचा आवाज, मग शांतता. शेवटी पोळ्यांच्या मावशी आल्या, त्यांनी गाळणी काढून दिली. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाला चहाची गाळणी सापडू नये, याचा राग यायला हवा होता. आला तो थोडा नंतर आणि निम्मा माझ्यावर आला. कारण त्या फोनने मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. मी घरात नाही तर चहासुद्धा अडतो, याचं सुख मोठं असतं. ते सुख मी वर्षानुवर्षं त्या ट्रॉलीत जपून ठेवलं होतं. "मला न बघता सापडतं" याची दुसरी बाजू अशी, की बाकी कोणाला बघूनही सापडत नाही. मी दिवसभर "सगळं मलाच करावं लागतं" अशी तक्रार करायची आणि त्याच वेळी दुसऱ्याला काही करताच येऊ नये अशी व्यवस्थाही राखायची.

हे फक्त आमच्या घरचं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामाला हात लावणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. मुळात हात लावणारे पुरुष होते शंभरात २६, बायका ८१. या आकड्यांना कारणं पुष्कळ आहेत आणि ट्रे नसणं हे त्यात फार खालचं कारण असेल. पण घराघरांतून ऐकू येणारी दोन वाक्यं या आकड्यांना रोज हातभार लावतात. पुरुषांचं, "मला सापडत नाही." आणि बायकांचं, "राहू दे, तुम्हाला नाही सापडणार, मीच करते." या दोन्ही वाक्यांचं मूळ एकाच ट्रॉलीत आहे, हे माझ्या लक्षात ठाण्यात आलं.

लेकीने त्या दिवसांत मला एक गोष्ट सांगितली. ती इंटिरिअरचं काम करते, म्हणून तिला ठाऊक. आजच्या मॉड्युलर किचनची पणजी १९२६ ची, जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातली. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईने नगरपालिकेच्या घरांसाठी ते आखलं. जेमतेम दोन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब. म्हणजे आमच्याकडच्या वन बीएचकेचं स्वयंपाकघर. त्यात तांदूळ, साखर वगैरेंसाठी नावं घातलेली ॲल्युमिनिअमची छोटी खोकी होती, ओढायची, तोटीतून ओतायची आणि परत सरकवायची. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडाने पिठात अळ्या होत नाहीत असं मानलं जाई. पावलं वाचावीत, बाईचा वेळ वाचावा, हा सगळा खटाटोप. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढे त्यावर टीका झाली ती अशी, की तिथे एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. बाईचे कष्ट वाचले, पण बाई आत एकटी पडली. मला ही टीका फार जवळची वाटली. फ्रँकफुर्टच्या बाईला जागेने एकटं पाडलं होतं. मला एकटं पाडायला माझी स्मरणशक्ती पुरेशी होती.

नातू तीन महिन्यांचा झाल्यावर मी परत आले आणि ट्रॉली रिकामी केली. ते काम मजेचं निघालं. सासूबाईंचं नाव घातलेले चमचे, माझ्या आईने रुखवतात दिलेले चमचे, त्यांच्यावर माझं माहेरचं नाव. पूर्वी भांड्यांच्या दुकानात घर्रर्र करत मशीनने नाव घालून द्यायचे, ते किती शहाणपणाचं होतं ते तेव्हा कळलं, कारण त्या ढिगाऱ्यात पहिल्या मजल्यावरच्यांचे दोन चमचे आणि चौथ्या मजल्यावरच्यांचा एक डाव निघाला. कोजागिरीच्या मसाला दुधापासून ते आमच्याकडे मुक्कामाला असणार. नावावरून घरी पोचवले. चौथ्या मजल्यावरून त्या बदल्यात आमची चिवड्याची पळी परत आली.

ट्रे घेताना काय बघायचं ते आता मला चांगलं माहीत आहे. ट्रॉल्यांची मापं इंचांत असतात, १५, १७, १९, २१ रुंद, २० खोल, आणि उंची चमच्यांना ४, कपबशांना ६, ताटांना ८. पण ट्रे आणायला जाताना दाराचं माप घेऊन जाऊ नये. ट्रॉली ज्या चॅनेलवर सरकते त्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातात, त्यानंतर ट्रॉलीच्या स्वतःच्या कडा. आतला तळ मोजायचा. उंचीही मोजायची, ती सर्वांत बाकदार पळी आत आडवी ठेवून. ट्रेचे प्रकार मुख्यतः तीन. पीव्हीसीचा साचेबंद, मिस्त्रीने कडा कापून बसवायचा. तो नीट बसतो, पण कप्पे कायमचे. बांबूचा, पंख पसरणारा. दिसतो छान, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात त्यावर काळे डाग धरतात. आणि प्लॅस्टिकचा, बाजूंना पसरणारा, आतल्या पट्ट्या खाचांतून हलवता येणारा. हे सगळं बघायला आम्ही ठाण्याहून ट्रान्स हार्बरने तुर्भ्यालाही जाऊन आलो. तिथे २०२० च्या डिसेंबरपासून आयकियाचं मोठं दुकान आहे आणि ट्रॉलीत काय काय मांडता येतं ते उघडून, ओढून बघता येतं. घेतला मात्र घराजवळच्या भांड्यांच्या दुकानातून, पट्ट्या हलणारा, प्लॅस्टिकचा. तो उचलून नळाखाली धरता येतो, हा माझ्या झुरळांच्या आक्षेपावरचा उतारा. आठवड्यातून एकदा धुवायचा, उन्हात उभा करायचा. आणि चमचे पुसल्याशिवाय आत टाकायचे नाहीत, ओले स्टँडमध्येच. तो स्टँड मी काढलेला नाही.

स्टीलचे तयार कप्पे घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ३०४ आहे" असं म्हणतो. २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही लोहचुंबक साधारणपणे चिकटत नाही. त्यामुळे त्या प्रयोगावर पैसे मोजू नयेत.

खरा फरक पडला तो पट्ट्या हलवण्याने. पहिल्यांदा मी दुकानातल्यासारखी मांडणी केली, चमच्यांत चमचे, पळ्यांत पळ्या. कोणाला काही सापडेना, मलाही नाही. मग लेकीचा ट्रे आठवला. तिने आकाराप्रमाणे लावलंच नव्हतं, कामाप्रमाणे लावलं होतं. आपल्या स्वयंपाकाला तेच बरोबर बसतं. चहाचा कप्पा पुढे, कारण चहा कोणीही करतं. पोळीचा कप्पा गॅसच्या बाजूला, त्यात उलथनं, चिमटा आणि तुपाचा चमचा. फोडणीचा लांब कप्पा, त्यात पळी, कालथा, डाव. वाढायचे चमचे वेगळे. सणावारी लागणारं कातणं, साचे या ट्रॉलीत ठेवलेच नाहीत, ते चकलीच्या सोऱ्याबरोबर वरच्या फडताळात गेले. झारा आणि रवी परत भिंतीवरच्या खिळ्याला. त्या बाबतीत माझं जुनं मत अजून कायम आहे. चार इंचांच्या ट्रॉलीत झारा कोंबू नये.

यावर सगळ्यात पटणारं मत दिलं ते पोळ्यांच्या मावशींनी. त्या रामनगर आणि टिळकनगर मिळून चार घरी जातात. म्हणाल्या, "ताई, कामाला वेळ नाही लागत, विचारायला लागतो. प्रत्येक घरात उलथनं वेगळीकडे. विचारलं तर 'तिथेच असेल बघा' म्हणतात. उशीर झाला तर बोलणी मलाच." मी त्यांना "तिथेच असेल बघा" हे किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशोब मांडायचं धाडस झालं नाही. इतकी वर्षं माझ्या ओट्यापाशी काम करणाऱ्या बाईसाठी मी माझं स्वयंपाकघर परकंच ठेवलं होतं.

आता तोट्यांबद्दलही बोलते, नाहीतर ही ट्रेची जाहिरात वाटायची. हे गाळणी परत ठेवतात, पण पळीच्या कप्प्यात. पहिले काही दिवस मी मागोमाग जाऊन बदलत होते. मग लक्षात आलं, की दुरुस्त करत राहिले तर ट्रेवरही माझंच राज्य चालू राहील, फक्त जास्त नीटनेटकं. म्हणून सोडून दिलं. हळूहळू गाळणीने पळीच्या कप्प्याजवळ स्वतःचा कोपरा केला आणि मी पट्टी दोन खाचा सरकवून तिला तो दिला. हलणाऱ्या पट्ट्यांचा हा उपयोग कुठल्या डब्यावर छापलेला नव्हता. दुसरं म्हणजे, हाका कमी झाल्या. दुपारी पडलेली असताना स्वयंपाकघरातून कप वाजल्याचा आवाज येतो आणि "अगं" ऐकू येत नाही, तेव्हा क्षणभर चुकल्यासारखं होतं. माझ्यावाचून पान हलत नाही असं वाटण्याची सवय एका ट्रेने जात नाही.

ट्रेने घरकाम वाटलं जातं, असंही मला म्हणायचं नाही. ते वाटायचं की नाही हे माणसांनी ठरवायचं असतं. कप्पे कितीही नीट केले तरी ज्याला उठायचंच नाही तो उठत नाही. ट्रेमुळे फक्त एक सबब जाते, आणि ती दोन्ही बाजूंची जाते. समोरच्याला "सापडत नाही" म्हणता येत नाही आणि आपल्याला "राहू दे, मीच करते" म्हणता येत नाही. ट्रे आणायला निघालेल्या माझ्यासारख्या बायकांना म्हणून एकच विचारावंसं वाटतं. ट्रॉलीचं माप घेतलंत ते ठीक. पण उद्यापासून दुसऱ्याने केलेला, आलं कमी आणि साखर जास्त असलेला चहा निमूट प्यायची तयारी आहे का? नसेल, तर ढीग आहे तो बरा आहे.